सीमेपर्यंत फुकट

जर्मनीत शिकणाऱ्या मराठी मुलामुलींचे शनिवार-रविवार दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात कपडे धुतले जातात. दुसऱ्या प्रकारात ‘प्रागला जाऊ या’ असं ठरतं आणि मग कपडे धुतले जातात. प्रत्यक्ष प्रागला जाणं हा तिसरा प्रकार, आणि तो दुर्मीळ. त्यासाठी पाच जणांच्या परीक्षा, पाच जणांच्या कामाच्या पाळ्या आणि पाच जणांच्या खात्यातली शिल्लक एका रेषेत यावी लागते. पंचांगात असे योग फार नसतात.

आम्ही केम्निट्सला शिकतो. केम्निट्स कुठे, असं घरच्यांनी विचारलं की आम्ही ‘ड्रेस्डेनजवळ’ म्हणतो, आणि ड्रेस्डेन कुठे विचारलं की ‘बर्लिनच्या खाली’. १९५३ ते १९९० या गावाचं नाव कार्ल मार्क्स श्टाट होतं. पुढे नाव गेलं, पण डोकं राहिलं. गावाच्या मधोमध मार्क्सचं सात मीटर उंचीचं ब्राँझचं डोकं आहे, वजन चाळीस टनांच्या आसपास. पाहुणा आला की आम्ही त्याला ते दाखवतो. त्यानं ‘आणखी काय?’ विचारलं की प्रागच्या गाडीचं वेळापत्रक दाखवतो. तसं २०२५ साली हे गाव युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं आणि वर्षभर कार्यक्रम चालू होते, पण त्याच वर्षी आमचे सगळे अवघड पेपर होते.

पैशाचं सांगायलाच हवं, कारण या लेखात प्राग कमी आणि पैसाच जास्त आहे. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच एका बंद खात्यात भरून ठेवावा लागतो. सध्या ही रक्कम ११,९०४ युरो आहे, आणि त्यातले ९९२ युरो दर महिन्याला आपल्या हाती सुटतात. बाबांनी कर्ज काढून एकरकमी भरलेले पैसे आपल्यालाच हप्त्याहप्त्यानं मिळतात, आणि तरीही एक तारखेला आपण काहीतरी कमावलं असं वाटतं. त्यातून भाडं, आरोग्यविमा, किराणा आणि फोनचं बिल वजा जाता जे उरतं, त्याला आम्ही युरोप म्हणतो.

आमच्यातला जळगावकर जन्मजात खजिनदार. सोन्याच्या पेढ्यांच्या गावचा. तोळा काट्यावर ठेवला की सराफ आधी पंखा बंद करतो, हे त्यानं पाळण्यात असल्यापासून पाहिलेलं. ग्रुपवर प्रागचा विषय निघाला तेव्हा बाकीच्यांनी हृदयं आणि विमानं पाठवली. त्यानं एकच प्रश्न टाकला, ‘भो, फुकट कुठपर्यंत आहे?’

हा प्रश्न वाटतो तितका वेडगळ नाही. जर्मनीत डॉइचलँड-तिकीट नावाचा प्रकार आहे. महिन्याचे एकदा पैसे भरायचे आणि देशभर कुठल्याही साध्या गाडीत बसायचं. फक्त वेगवान गाड्या वर्ज्य. २०२३च्या मे महिन्यात ते ४९ युरोला सुरू झालं, वाढत वाढत ६३ वर गेलं, विद्यार्थ्यांना त्यात सवलत असते. ज्याच्या खिशात हे तिकीट आहे त्याला देशातला प्रत्येक पुढचा किलोमीटर फुकटच पडतो, निदान जळगावकराचं अर्थशास्त्र तसं सांगतं. केम्निट्सहून प्रागला जाणारी बस तीनएक तासांत पोचवते. जळगावकराच्या मार्गानं केम्निट्सहून ड्रेस्डेन, ड्रेस्डेनहून बाड शांडाऊ, तिथून छोट्या गाडीनं सीमेपलीकडचं डेचिन, आणि डेचिनहून प्राग. चार गाड्या, तीन फलाटांवर धावपळ, वेळ जवळपास दुप्पट. ‘पण सीमेपर्यंत फुकट!’ या मुद्द्यावर मतदान झालं आणि गरिबी बहुमतानं निवडून आली.

जाताना बसनं जाऊ आणि येताना रेल्वेनं येऊ, अशी उपसूचना आमच्यातल्या डोंबिवलीकरणीनं मांडली होती. ती फेटाळली गेली, मात्र येताना सगळे दमलेले असतील म्हणून परतीला बस मंजूर झाली. डोंबिवलीकरीण या मंजुरीवर नाराज होती. तिचं म्हणणं असं की चार गाड्या बदलणं हा काही प्रवास नाही, ते तिचं बारावीपासूनचं नित्यकर्म आहे. ड्रेस्डेनच्या फलाटावर गाडी थांबायच्या आत ती दाराशी जाऊन उभी होती आणि आमच्यासाठी चार खिडक्या धरून बसली होती. डबा रिकामाच होता हा भाग वेगळा.

ड्रेस्डेन सोडलं की रूळ एल्बे नदीच्या काठाकाठानं जातात. पलीकडे वालुकाश्माचे उंच सुळके, मधे गर्द झाडी. फार सुंदर भाग आहे, आणि खरं सांगायचं तर बसवाल्यांना तो दिसत नाही. पण जळगावकर प्रत्येक वळणावर ‘बघा, बसमध्ये हे असतं का?’ विचारत राहिल्यामुळे शेवटी आमच्यातल्या सोलापूरकरानं डोळ्यांवर टोपी ओढून निसर्गावर बहिष्कार टाकला.

मग सीमा आली. म्हणजे आली असावी. फोनवर ‘चेक प्रजासत्ताकात स्वागत’ असा संदेश पडला, स्टेशनच्या पाट्यांवर अक्षरांच्या डोक्यावर टोप्या दिसू लागल्या, एवढंच. भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्या माणसाला ही गोष्ट आतून पटत नाही. ज्याने व्हिसासाठी बापाच्या तीन वर्षांच्या आयकर विवरणांसकट फाइल सादर केलेली असते, त्याला देश असा झोपेत ओलांडलेला चालत नाही. आम्ही पाचही जण पासपोर्ट, राहण्याचा परवाना, विद्यापीठाचं प्रमाणपत्र आणि विम्याचं कार्ड मांडीवर घेऊन ताठ बसलो होतो. कोणी विचारलंच नाही. वरंगळवाला तर अस्वस्थच झाला. हा आमचा पाचवा. तेलुगू, शांत, उंच, आणि भोवती चार मराठी माणसं असल्यामुळे ‘जेवलास का’ आणि ‘नको’ एवढं मराठी येणारा. तिकीट तपासनीस दिसल्यावर त्यानं न मागता सगळी कागदपत्रं पुढे केली. त्या बाईंनी फक्त तिकीट पाहिलं आणि त्याच्या विम्याच्या कार्डाकडे जरा मायेनं बघून पुढे गेल्या.

चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात आहे, शेंगेनमध्ये आहे, पण युरोत नाही. तिथे कोरुना चालतो. एका युरोचे साधारण पंचवीस. पहिल्या सेमिस्टरला माणूस प्रत्येक गोष्ट रुपयांत मोजतो, तिसऱ्यापर्यंत ती खोड मोडते, आणि मोडली असं वाटतं तोच हे तिसरं चलन समोर येतं. जुन्या शहरात पाऊल टाकलं की पहिला वास येतो तो त्रदेलनिकचा. लाटण्याला कणीक गुंडाळून निखाऱ्यावर फिरवावी, वर साखर भुरभुरावी, असा हा पदार्थ. पाटीवर ‘प्राचीन परंपरा’ वगैरे लिहिलेलं असतं, पण प्रागचे लोक स्वतः त्याला पर्यटकांचं खाणं म्हणून नाकं मुरडतात. आम्हाला प्राचीनतेशी देणंघेणं नव्हतं.

‘एकशे वीस कोरुना.’

‘म्हणजे पावणेपाच युरो.’

‘म्हणजे पावणेपाचशे रुपये! पावणेपाचशेत सोलापुरात मटणाची दोन ताटं येतेत बे.’

एक घेतला. पाच जणांनी खाल्ला. आइस्क्रीम भरलेला घ्यावा अशी सूचना वरंगळवाल्यानं केली होती, पण तोपर्यंत त्याचं उरलं होतं फक्त टोक.

पैसे काढायला गेलो तर एटीएम फार अदबीनं विचारतं, ‘तुमच्या सोयीसाठी आमच्या दरानं युरोत हिशोब करू का?’ या सोयीचा दर इतका सोयीचा असतो की माणसानं परत केम्निट्सला चालत जावं. जळगावकरानं ‘नाही’वर बोट ठेवलं ते यंत्र दचकेल इतक्या ठामपणे. चौकातल्या चलन बदलून देणाऱ्या दुकानांवर ‘कमिशन शून्य’ अशा पाट्या होत्या. त्यांच्यासमोर मात्र तो बराच वेळ उभा राहिला. चेहऱ्यावर दुसऱ्याची कारागिरी ओळखणाऱ्या माणसाचं कौतुक. ‘कमिशन शून्य, आणि भाव बघ. आमच्याकडे याला घडणावळ माफ म्हणतात.’

प्रागला बिनपैशाच्या पदयात्रा असतात. छत्री धरलेला एक तरुण चौकात उभा असतो, तो दोनेक तास गाव दाखवतो, शेवटी तुम्हाला वाटेल ते द्यायचं. ‘वाटेल ते’ हा पर्यटनातला सगळ्यात महाग दर आहे हे आम्हाला ॲम्स्टरडॅमहून आलेल्या सीनियर्सनी सांगून ठेवलं होतं. म्हणून आम्ही घोळक्यात सामील न होता घोळक्याच्या कडेला, योगायोगानं त्याच दिशेला निघालेल्या लोकांप्रमाणे चालत राहिलो. कानावर पडलं तर पडलं.

पडलं ते पुष्कळ. खगोलीय घड्याळ १४१० सालचं, अजून चालू असलेल्या अशा घड्याळांत सर्वांत जुनं. दर तासाला वरच्या दोन खिडक्यांतून येशूचे शिष्य फिरून जातात, कोंबडा आरवतो. खाली एका बाजूला सांगाडा उभा आहे, तो दोरी ओढून घंटा वाजवतो; म्हणजे चला, वेळ झाली. त्यावर आरशात बघणारा गर्विष्ठ, पैशाची थैली धरलेला कंजूष आणि एक तुर्क असे तिघं माना हलवून नाही म्हणतात. हा सगळा खेळ एक मिनिटही चालत नाही. तो बघायला शेकडो माणसं अर्धा तास आधीपासून जागा धरून होती आणि खेळ सुरू होताच सगळ्यांनी फोन वर केले, त्यामुळे मागच्यांना तो पुढच्यांच्या फोनमध्ये दिसला. नेमक्या त्याच वेळी डोंबिवलीकरणीनं विचारलं, ‘मनोऱ्यावर जायचं का? तिकीट आहे, पण वरून मस्त दिसतं म्हणे.’ वर सांगाड्यानं घंटा वाजवली, कंजूषानं मान हलवली, आणि खाली जळगावकरानंही. इतका अचूक मेळ सहाशे वर्षांत क्वचितच जमला असेल.

छत्रीवाला सांगत होता की घड्याळ करणाऱ्या हनुशचे डोळे नगराच्या कारभाऱ्यांनी काढले, दुसऱ्या गावासाठी त्यानं असं घड्याळ करू नये म्हणून. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची गोष्ट ऐकत वाढलेले आम्ही पाचही जण एकदम जाणत्यासारखे हसलो. जगात कुठेही सुंदर वस्तू दिसली की लोकांना तिच्या कर्त्याचं वाटोळं झालेलं हवं असतं, त्याशिवाय तिची किंमत वाढत नाही. प्रत्यक्षात मूळ घड्याळ मिकुलाश नावाच्या घड्याळजीचं. पण हे नंतर कागदपत्रांतून निघालं, आणि कागदपत्रांना दंतकथा कधी भीक घालते?

चार्ल्स ब्रिजवर आमचा सोलापूरकर पहिल्यांदा जागा झाला. चौथ्या चार्ल्स सम्राटानं या पुलाचा पाया १३५७ साली घातला. सांगतात की ज्योतिषांनी मुहूर्त काढून दिला होता. साल १३५७, तारीख ९, महिना ७, वेळ पहाटे ५ वाजून ३१ मिनिटं. ओळीनं लिहा, १-३-५-७-९-७-५-३-१. सोलापूरकर थक्क. ‘यांच्यातबी गुरुजी आहेत की बे!’ त्याच्या बहिणीच्या लग्नाचा मुहूर्त सकाळी सहाच्या आतला निघाला होता आणि मंडपात नवरा-नवरी सोडून सगळे झोपलेले होते, त्यामुळे त्याला त्या पायाभरणीचं चित्र लगेच डोळ्यांसमोर उभं राहिलं.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. चुन्यात अंडी घातली की पूल मजबूत होईल म्हणून राजानं गावोगावहून अंडी मागवली. वेल्वारी नावाच्या गावानं वाटेत फुटू नयेत म्हणून ती उकडून पाठवली. हे ऐकलं आणि प्रागबद्दल मला पहिल्यांदा आपलेपणा वाटला. वरून आलेलं फर्मान तंतोतंत पाळून कामाचा पुरता बोजवारा उडवणं ही कला फक्त आमच्या सांगलीच्या कचेऱ्यांची मक्तेदारी नाही, याचा तो सातशे वर्षांचा पुरावा. त्या गावाला कारणे दाखवा नोटीस गेली असणार आणि त्यांनी ‘अंडी सुस्थितीत पोचवली’ असं लेखी उत्तर दिलं असणार.

पुलावर तीस पुतळे आहेत. त्यातल्या नेपोमुकच्या संत जॉनच्या चौथऱ्यावरच्या ब्राँझच्या चित्राला हात लावला की आपण प्रागला परत येतो, अशी श्रद्धा. असंख्य हातांनी ते लखलखीत झालंय. रांगेत उभं राहून चौघांनी हात लावला. जळगावकर हात खिशात घालून बाजूला उभा. ‘परत यायचा खर्च कोण देणार?’

पदयात्रा संपली, टोपी फिरली. आम्ही पुलाच्या कठड्याशी नदी न्याहाळत होतो, इतकी बारकाईनं की पाण्यातली बदकंही संकोचली असतील. पाहतो तर वरंगळवाला लांब टांगा टाकत त्या छत्रीवाल्याकडे गेला, हातात काहीतरी ठेवलं, हस्तांदोलन केलं आणि परत आला. दोनशे कोरुना. कोणी काही बोललं नाही. जळगावकरानं फोन काढला, खर्च वाटून देणाऱ्या स्प्लिटवाईज ॲपमध्ये ‘मार्गदर्शन’ या नावानं नोंद केली आणि पाचांत विभागली. त्याच्याबद्दल एवढं म्हणायलाच हवं की कंजूष असला तरी तो बुडवा नाही.

किल्ला बाहेरून पाहिला. त्याची अंगणं फुकट आहेत आणि आत सेंट व्हीटस कॅथेड्रल आहे. बांधकाम १३४४ला सुरू झालं, १९२९ला पूर्ण. थीसिसला तिसऱ्यांदा मुदतवाढ मागणाऱ्यानं हे दोन आकडे अर्जात वापरून पाहावेत.

दुपारी लेतना टेकडीवर चढलो. मनोऱ्याची तिकिटं वाचवणाऱ्यांसाठी देवानं केलेली ही जागा. खाली व्हल्टावा नदी, तिच्यावर एकामागे एक पूल, लाल कौलं, मनोरे. तिकीट काढून जे दिसतं ते सगळं, वर बसायला गवत. या टेकडीवर १९५५ साली स्टालिनचा अवाढव्य पुतळा उभारला होता. सात वर्षांत तो सुरुंग लावून उडवावा लागला. आता तिथे १९९१पासून एक भलामोठा लाल लंबक डुलतो. आम्ही मार्क्सच्या गावचे, त्यामुळे घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं जरा दबक्या आवाजात बोललो. आमचं डोकं अजून जागेवर आहे याचा कुणाला तरी अभिमानही वाटला.

इथे सोलापूरकरानं पिशवी उघडली. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. त्याची आई कुरिअरनं धाडते. ही भाकरी महिनोन्‌महिने टिकते, बर्लिनच्या भिंतीहून कदाचित जास्तच. ती मोडली की आवाज होतो. शेजारच्या बाकावरचं स्पॅनिश जोडपं चुंबन अर्धवट सोडून बघू लागलं. दही हवं होतं, ते खालच्या दुकानातून आणलं, आणि युरोपातल्या सर्वांत देखण्या देखाव्यासमोर पाच जण भाकरी चुरून दह्यात कालवून खात बसले. तेवढ्यात आईचा फोन. ‘प्राग कसंय?’ मी कॅमेरा फिरवून सगळं शहर दाखवलं. ती म्हणाली, ‘छान आहे. चटणी कुणाची गं?’

संध्याकाळचं प्रकरण गंभीर होतं. बिअर पिण्यात चेक माणूस दरडोई जगात पहिला, आणि तिथे ती खरोखरच स्वस्त असते. जुन्या पद्धतीच्या बिअर हॉलमध्ये वेटर टेबलावर कागदाची चिठ्ठी ठेवतो, ग्लासमागे तिच्यावर एक रेघ मारतो. ग्लास संपत आला की न विचारता पुढचा ठेवतो, पुढची रेघ मारतो. नको असेल तर ग्लासावर पुठ्ठ्याचा कोस्टर ठेवायचा, हे सगळ्यांना माहीत असतं असं तो गृहीत धरतो. वरंगळवाल्याला माहीत नव्हतं. समोर आलेलं अन्न-पाणी परत करायचं नाही अशा घरात तो वाढलेला. तो पीत राहिला, रेघा वाढत राहिल्या. तीन ग्लासांनंतर त्यानं त्याचं सगळं मराठी एकवटून वेटरला ‘नको’ म्हटलं. वेटरनं आदरानं मान हलवली आणि चौथा आणला.

जळगावकराची अवस्था बघवत नव्हती. जन्मात पहिल्यांदा त्याच्यासमोर खतावणी होती आणि लेखणी दुसऱ्याच्या हातात. तो दर रेघेला फोनमध्ये समांतर नोंद ठेवत होता. डोंबिवलीकरीण शाकाहारी आणि बिअर न पिणारी. तिला तळलेलं चीज, बटाट्याचे तुकडे आणि कोफोला मिळालं. तळलेलं चीज हा तिकडचा शाकाहाऱ्यांचा राष्ट्रीय उतारा आहे, आणि कोफोला हा साम्यवादी काळात पाश्चात्त्य कोलाला पर्याय म्हणून काढलेला कोला. चव आयुर्वेदिक.

बिल आल्यावर मुख्य कार्यक्रम सुरू झाला. न पिणारीनं टिपमध्ये पाचवा वाटा का द्यावा? सोलापूरकरानं तिच्या ताटातले बटाटे खाल्ले ते कुठे धरायचे? वरंगळवाल्याच्या चौथ्या ग्लासाला त्याची संमती होती का? संमती नसेल तर तो सामुदायिक खर्च, असा माझा मुद्दा होता आणि मला तो अजूनही बिनतोड वाटतो. घड्याळाचा एक मिनिटाचा खेळ बघायला आम्ही अर्धा तास उभे होतो; या हिशोबाला त्याहून जास्त वेळ लागला, आणि शेजारच्या टेबलवरच्या म्हाताऱ्यांनी तो जास्त रस घेऊन पाहिला.

वसतिगृहाच्या दहा खाटांच्या खोलीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. घोरणाऱ्याला कुठलंही राष्ट्रीयत्व नसतं.

रविवारी कार्यक्रमपत्रिकेत संग्रहालय होतं. पण डोंबिवलीकरणीनं सकाळी एक गोष्ट पाहिली आणि तिचा चेहरा उजळला. दुकानं उघडी होती. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी रात्री दूध आणायचं राहिलं तर सोमवारपर्यंत काळा चहा. रविवारी सकाळी उघडं शटर दिसणं म्हणजे काय, हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. त्यात तिला कुणीतरी सापाबद्दल सांगितलं होतं. शहराच्या दक्षिण टोकाला लिबुशमध्ये सापा नावाचा व्हिएतनामी बाजार आहे. साम्यवादी काळात व्हिएतनामहून कामगार म्हणून इकडे आलेली माणसं पुढे इथेच राहिली. आमच्या केम्निट्सकडेही तशी पुष्कळ आहेत. या बाजारात मग केशकर्तनालयापासून मासळीपर्यंत सगळं मिळतं.

मेट्रो, मग बस, मग एक कमान, आणि आत वास. कोथिंबिरीचा. केम्निट्सच्या सुपरमार्केटात कोथिंबीर कुंडीत मिळते, दहाबारा काड्या, घरी आणेपर्यंत मान टाकते. इथे जुड्याच्या जुड्या, ओल्या, मुळांसकट. पुदिना, आलं, कारली, बारीक हिरव्या मिरच्या. प्रागचा किल्ला पाहून आमच्यापैकी कोणाच्या तोंडून आवाज निघाला नव्हता. इथे पाचही जणांच्या तोंडून निघाला.

डोंबिवलीकरणीनं टोपलीमागच्या व्हिएतनामी मावशींशी जो व्यवहार केला, त्यात एकही सामाईक शब्द नव्हता. हिनं जुडी उचलली, शेंडा मोडून वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि परत ठेवली. मावशींनी दुसरी काढून दिली. हिनं बोटं दाखवली, मावशींनी बोटं दाखवली, हिनं अर्धं वळून निघून जाण्याचा अभिनय केला, मावशींनी हाक मारली. सौदा ठरला. पैसे दिल्यावर हिनं पिशवीचं तोंड बंद न करता तशीच पुढे धरून ठेवली आणि मिरच्यांच्या ढिगाकडे पाहिलं. मावशी क्षणभर थांबल्या. मग हसल्या, आणि मूठभर मिरच्या वरून टाकल्या.

जळगावकरानं टोपी काढली. अख्ख्या सहलीत सीमेनंतर फुकट मिळालेली ही पहिली वस्तू.

परतताना काफ्काचं डोकं पाहिलं. नारोद्नी त्रशीदाजवळच्या चौकात डाविड चेर्नी या शिल्पकारानं २०१४ साली बसवलेलं. चकचकीत पत्र्याचे ४२ थर, वजन ३९ टन, आणि थर वेगवेगळे फिरतात, त्यामुळे चेहरा सारखा विस्कटतो आणि जुळतो. आमच्या मार्क्सच्या जवळपास वजनाचं, पण मार्क्स हलत नाही. सोलापूरकर ते फिरणारं डोकं बराच वेळ बघून म्हणाला, ‘परवाना कचेरीतून आलाय वाटतं.’ हे बोलायचा अधिकार आमच्यात फक्त त्यालाच होता. त्याच्या राहण्याच्या परवान्याच्या कार्डाची मुदत संपलेली, नवं कार्ड छापून यायचं, आणि तोवर तो एक घडीचा कागद छातीशी धरून हिंडत होता.

तो कागद रात्री कामाला आला. जाताना कुणी न विचारलेल्या सीमेवर येताना बस थांबली. २०२३च्या ऑक्टोबरपासून जर्मनीनं या बाजूला तपासणी सुरू केली आहे. दोन पोलीस चढले, बसमधले दिवे लागले, आणि आम्ही पाचही जणांनी, दोन दिवस ज्याची वाट पाहत होतो तो क्षण आल्यासारख्या, फायली बाहेर काढल्या. पोलीस सोलापूरकराच्या कागदापाशी थबकला. घडी उघडली, उलटी केली, उजेडात धरली, खाली उतरून गाडीत बसलेल्या कुणाला तरी दाखवून आणली. सगळी बस आमच्याकडे बघत होती. परत आल्यावर त्यानं नम्रपणे विचारलं, प्रागला कशासाठी गेला होतात?

‘पर्यटन,’ सोलापूरकर म्हणाला.

पोलिसाची नजर त्याच्या पायाशी गेली. पिशवीतून कोथिंबिरीच्या जुड्या वर आलेल्या, बसभर वास. त्यानं बोटानं दुसरी पिशवी दाखवली. सोलापूरकरानं उरलेली कडक भाकरी काढली आणि म्हणाला, ब्रॉट. पाव. जर्मन माणूस पावाच्या बाबतीत विनोद खपवून घेत नाही. त्यानं ती हातात घेतली, मागून-पुढून पाहिली, नखानं टकटक करून आवाज ऐकला. कागदापेक्षा भाकरीची तपासणी सखोल झाली. मग त्यानं दोन्ही वस्तू परत केल्या आणि शुभ रात्री म्हणून उतरला.

सहलीचा हिशोब त्याच रात्री मिटला, फक्त ३७ कोरुनांची नाणी उरली. चलन बदलणारे नाणी घेत नाहीत. पाचांत भागावीत तर वाट्याला येतात सात पूर्णांक चार, आणि एक कोरुनाहून लहान नाणी तिथे २००८ सालापासून बंद आहेत. ती एकानं ठेवून बाकीच्यांना युरोत परतावा द्यावा हा पर्याय निघाला, तर दर कुठला धरायचा यावर बैठक फिसकटली. शेवटी नाणी सामुदायिक मालमत्ता म्हणून डोंबिवलीकरणीच्या मोहरीच्या डब्यात ठेवायची असं ठरलं. दर महिन्याच्या एक तारखेला जळगावकर ग्रुपवर विचारतो, ‘नाणी आहेत ना?’ आणि ती डबा उघडून फोटो टाकते. परवाच्या फोटोत एक नाणं कमी दिसतंय. ते मोहरीखाली आहे असं तिचं म्हणणं. सगळी मोहरी चाळून नवा फोटो सादर करावा, असा ठराव सोलापूरकरानं मांडला आहे, आणि वरंगळवाल्यानं त्याला ‘नको’ म्हणून अनुमोदन दिलं आहे.